ताईच्या पट्ट्याबाबत खुलासा

मंगरूळपीर,
दि. ७ डिसेंबर

तीर्थरूप उकंडराव भाऊजी यांच्या पायांवर धाकटा मेहुणा बबन डोकं ठेवतो. (प्रत्यक्ष येऊन ठेवलं असतं तर तुम्ही पाय मागे घेतले असते, म्हणून टपालानं ठेवतो आहे.)

विनंती विशेष. इकडे आम्ही ठीक आहोत. साधनाचं बी.पी. गोळीनं आटोक्यात आहे. माझी साखर जेवणाआधी चांगली आणि जेवणानंतर वाईट असते (मधे जे घडतं त्याला मी जबाबदार आहे, असं डॉक्टरांचं मत पडलं). तुमचा गुडघा कसा आहे? थंडी पडली की क्लच दाबायचा तो डावा गुडघा ठणकतो, असं तुम्ही नेहमी म्हणता. निर्गुडीचा पाला गरम करून बांधून बघा. तिकडे मिळत नसेल तर आमच्या बांधावर ढीगभर आहे, पाठवतो. म्हैस व्याली असेल तर वगार झाली की हल्या, तेही कळवा.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. भाऊजी, फोन मी सात वेळा केला. एस.टी.चं इंजिन एकतीस वर्षं तुमच्या डाव्या बाजूला घुरघुरत होतं आणि त्यापायी तुमचा तो कान गेला, हे साऱ्या मानोऱ्याला ठाऊक आहे. पण नको असलेला फोन तुम्ही मुद्दाम त्याच कानाला लावता, हे फक्त ताईला ठाऊक होतं आणि तिनं ते मला कधीच सांगून ठेवलं आहे. सातही वेळा तुम्ही "हालो, हालो, आवाज येत नाई" म्हणून ठेवून दिलात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर घरच्या ग्रुपवर छत्तीस माणसं, त्यातली पस्तीस रिकामी. तुम्हाला एकट्याला लिहावं तर तुम्ही ते सुनेकडून मोठ्यानं वाचून घेता. शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. (खिडकीतल्या मुलीनं विचारलं, काका, भरतीचा फॉर्म आहे का? हो म्हणून टाकलं.)

ताईच्या हाताची चौकशी करायला मला तोंड नाही, तरी करतो. प्लास्टर निघालं पण मूठ अजून वळत नाही, भाकर थापता येत नाही, असं तुमचा गोलू म्हणाला. कपाळावरचे टाके सुकले, खूण राहिली. आणि त्यानंतर गोलूनं जे सांगितलं ते ऐकून मी त्या रात्री जेवलो नाही. (साखर सकाळी उत्तम आली.) भाऊबीजेच्या दिवसापासून तुम्ही ताईशी एक शब्द बोलला नाहीत म्हणे. दीड महिना झाला. चहा पाहिजे असला तर तुम्ही सुनेला सांगता, आणि सून घरात नसली तर बिनचहाचे बसता, पण समोर बसलेल्या बायकोकडे मागत नाही. यापुढं तिनं कोणाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही आणि माहेराचं नाव काढायचं नाही, हेही तुम्ही गोलूकरवी तिला कळवलंत. कारण एकच, तिनं गाडीत पट्टा लावला नाही. ज्या माणसाला बिनअपघाताच्या नोकरीचा बिल्ला मिळाला, त्याच्या बायकोनं पट्टा लावू नये आणि हात मोडून घ्यावा, याची तुम्हाला शरम वाटते. ताई बिचारी माझ्याकडे तक्रार करत नाही. परवा फोनवर मी नुसतं "भाऊजी कसे आहेत?" विचारलं, तर म्हणाली, "बरे हायेत, आजकाल लय शांत असतात." म्हणून तिची बाजू मांडायला मी हा खुलासा लिहायला बसलो आहे. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी एकूण चार खुलासे दिले. चारही साहेबांनी फेटाळले.

मुळापासून सांगतो, कारण मुळापासून सांगितल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही. कृषी सहायक होतो तेव्हा बोंडअळीवर बोलायचं असलं तरी मी नांगरटीपासून सुरू करायचो आणि बोंडअळीपर्यंत पोचेस्तोवर निम्मे शेतकरी बकऱ्या शोधायला गेलेले असायचे. तर, मी निवृत्त झालो आणि पुण्याच्या नोकरीतून आमच्या निकितानं ही गाडी घेऊन दिली. बाबा, तुम्ही आयुष्यभर फटफटीवर उन्हातान्हाचे हिंडले, आता नीट बसून फिरा, अशी तिची भावना. गाडीला सहा एअरबॅग, मागे कॅमेरा, पुढे कॅमेरा, आडवं काही आलं तर आपोआप थांबायची सोय, रस्त्यावरचा पांढरा पट्टा सोडला की स्टिअरिंगला थरथर. अकोल्याच्या शोरूममध्ये एका मुलीनं हे सगळं मला दीड तास समजावून सांगितलं. फार मन लावून सांगत होती पोरगी. आणि मी दीड तास मान हलवत होतो. माझं सगळं ध्यान त्या पुठ्ठ्याच्या मोठ्या किल्लीकडे होतं, जी हातात धरून फोटो काढतात. फोटो पेढ्यांच्या आधी काढतील की नंतर, आणि साधना त्यात कुठल्या बाजूला उभी राहील, या विचारात मी पार गढलो होतो. शेवटी तिनं विचारलं, काका, सगळं समजलं ना? मी म्हणालो, समजलं. तिनं कागद पुढं केला, त्यावर लिहिलं होतं की मला सर्व काही समजलं आहे, आणि मी त्याखाली सही केली.

भाऊजी, हे "समजलं" मी चांगलं ओळखतो. तेहतीस वर्षं मी गावोगाव जाऊन सांगत होतो की फवारणीच्या औषधाबरोबर माहितीपत्रक येतं ते वाचा, तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नका. शेवटी विचारायचो, समजलं का? सगळे म्हणायचे, समजलं साहेब. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस उघड्या अंगानं, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून, वाऱ्याच्या तोंडाला फवारत उभा. मी बांधावरून त्याला काय काय बोलायचो ते इथं लिहीत नाही. एक जण चक्कर येऊन दवाखान्यात भरती झाला तेव्हा त्याच्या खाटेशी उभं राहून मी त्याला अर्धा तास झापलं होतं. तो माणूस आता मला रोज आठवतो.

गाडीचं पुस्तक चारशे बारा पानांचं आहे. ते मी प्लॅस्टिकसकट कपाटात ठेवलं, शेताच्या कागदपत्रांखाली, म्हणजे हरवायला नको. मग पूजा झाली. साधनानं समोरच्या काचेवर अगदी मधोमध, वरच्या अंगाला, कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. त्या मधोमधच आतल्या बाजूनं गाडीचा डोळा होता, हे त्या मुलीनं सांगितलं असणारच, पण मी तेव्हा किल्लीकडे बघत होतो. गाडी आंधळी झाली. पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं यायला लागली, ती मी शुभेच्छा समजून चार दिवस वाचत होतो. मागे, नंबरप्लेटच्या शेजारी, मी लिंबू-मिरची बांधली. ती बरोबर मागच्या सेन्सरसमोर लोंबत होती. त्यामुळे गाडी मागे घ्यायला लागलो की मागे कोणी असो नसो, गाडी बोंबलायची. दोन दिवसांत आमच्या गल्लीत असं ठरून गेलं की या गाडीच्या बोंबलण्याला काही अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी चार जण मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, लय जागा हाय" म्हणत होते, गाडी किंचाळत होती, मी माणसांवर विश्वास ठेवला आणि शेजारच्यांचा पाण्याचा रांजण फोडला. चौघंही म्हणाले, "आमी तं थांबा म्हनलं होतं." निकितानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सगळं बघितलं आणि डोक्याला हात लावला. स्वस्तिक बॉनेटवर नेलं, लिंबू-मिरची आत घेतली. एवढ्यावर धडा घ्यायला हरकत नव्हती. साधना म्हणालीसुद्धा, "तुमी समजलं समजलं म्हनता, अन् समजलेलं काईच नसते."

आता पट्ट्याकडे येतो. दिवाळीच्या चार दिवस आधी हरभऱ्याच्या बियाण्याची तीस किलोची बॅग आणली आणि आपली पुढच्या सीटवर ठेवली. निघालो तर गाडी टिंग टिंग करायला लागली. बॅग माणूस आहे असं तिला वाटलं. मी थांबलो आणि त्या बॅगेला पट्टा लावला. बॅग निमूट बसली, गाडीही गप्प झाली. चौकात लखीराम भेटला. (लखीराम तुम्हाला ठाऊक असेल, काळीपिवळी चालवतो, नऊ सीटच्या गाडीत अठरा माणसं बसवून वर हसरा असतो.) त्यानं काचेतून ते बियाणं पट्टा लावून बसलेलं बघितलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, "साहेब, बॅगले कायले बांधून राह्यले? आधी क्लिप आत खोसा, मंग त्याच्यापुढं बॅग ठेवा. गाडीले वाटते पट्टा लावला. चूप बसते." करून दाखवलं. खरंच चूप बसली. भाऊजी, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो नोकरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता. एवढी लाखांची गाडी, सहा एअरबॅग, पुढे मागे डोळे, आणि आमच्या लखीरामनं तिला एका बोटानं फसवलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती युक्ती दाखवली. चहाच्या आधी दाखवायचो.

भाऊबीजेला ताईला मी आदल्या दिवशी घेऊन आलो. येताना ती पट्टा लावून बसली होती, हे मुद्दाम नमूद करतो. तुमच्या गोलूच्या गाडीत तुम्ही तिला सवय लावली आहे, चांगली सवय आहे. ओवाळणं झालं, जेवणं झाली, अनारसे जाळीदार झाले होते, ताई म्हणाली आईच्या हातचे होते तसेच झाले. (साधना दुपारभर त्यावर खूश होती. नंतर जे झालं त्यानं ती खुशी गेली.) निघायच्या वेळी साधनानं ताईची ओटी भरली. तुम्हाला आमच्या घरची रीत ठाऊक आहे. माहेरची ओटी पदरातच घेऊन जायची, वाटेत कुठं रिकामी करायची नाही, सासरच्या देवापुढं जाऊनच पदर सोडायचा. साधनानं या वेळी हात सैल सोडून भरली. तांदूळ, नारळ, हळकुंडं, सुपारी, वरून खण. एवढं पदरात घेऊन ताई दोन्ही हातांनी पदराची टोकं धरून पुढच्या सीटवर बसली. आता अशा बाईनं पट्टा कुठल्या हातानं ओढायचा? आणि लावलाच तर तो बरोबर ओटीवरून जातो, नारळ दाबला जातो, तांदूळ सांडतात. ज्या कोणी हा पट्टा बनवला त्यानं सासरी निघालेली बाई बघितली नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. तर ताईनं पट्टा लावला नाही. ओटीच्या मानापायी लावला नाही. माहेरच्या चार दाण्यांची तिनं बूज राखली, हा तिचा गुन्हा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी खुलाशात सगळं यावं लागतं. मानोरा रोडला दोन्ही बाजूंनी तूर उभी होती, डोक्याइतकी. गाडी साठच्या आसपास होती. (पासष्ट.) तुरीतून एक रोही सरळ रस्त्यावर आला, घोड्याएवढा (निकिता त्याला नीलगाय म्हणते), आणि मधोमध उभा राहून आमच्याकडे बघायला लागला. करकचून ब्रेक लागला. गाडी त्याच्यापासून चार हातांवर थांबली. रोह्यानं आम्हाला एकवार नीट न्याहाळलं आणि निवांत पलीकडच्या तुरीत गेला. मला पट्टा होता, मी जागच्या जागी. ताई ओटीसकट पुढं गेली. तिनं पदर सोडला नाही, भाऊजी. हात टेकवायच्या ऐवजी तिनं ओटी धरून ठेवली, म्हणून कपाळ आधी आदळलं आणि उजवं मनगट डॅशबोर्डखाली दुमडलं. हाडाचा आवाज मी ऐकला. तांदूळ काचेवर, माझ्या मांडीवर, सगळीकडे उडाले. तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ती मला म्हणाली, "तुले लागलं तं नाई नं बबन?"

वाशिमच्या दवाखान्यात तुम्ही आलात तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "सहा फुगे होते म्हनता, एक तरी उघडला काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आता देतो. गाडी कशावर आदळलीच नाही, म्हणून फुगे उघडले नाहीत. आणि पट्टा नसलेल्या माणसासाठी फुगा उघडला तरी तो उलट घात करतो, असं निकिता म्हणाली. गाडीनं तिचं काम चोख केलं होतं. मग तुम्ही ताईकडे वळलात, आणि कोणी विचारायच्या आत ताई म्हणाली, "मीच नाई लावू देला पट्टा. ओटी सांडून राह्यली होती." "एवढ्या वर्सात हेच शिकली काय?" एवढं बोललात आणि बाहेर जाऊन बाकावर बसलात. तुम्ही तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य तेच.

भाऊजी, माझी हात जोडून विनंती आहे की हे आता सोडा. बाई माणूस आहे, रीतीभातीत वाढली, एक चूक झाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं तुमच्या दुसऱ्या पाळीचे डबे किती भरले, पहाटे चारच्या गाडीसाठी तीन वाजता किती चहा केले, ते आठवा. इकडे आम्हीही सुखात नाही. साधना त्या गाडीत बसत नाही. आपण ओटी एवढी भरली नसती तर, हे तिच्या मनातून जात नाही, आणि मी कितीही सांगितलं तरी ती ऐकत नाही. गाडी दारात उभी आहे. सीटच्या फटींतून अजून तांदूळ निघतात. मी एकेक दाणा वेचून वाटीत ठेवतो, टाकायचं धाडस होत नाही. प्लॅस्टिक फाडून मी ते पुस्तक काढलं आणि अकरा दिवसांत, पेन्सिलीनं खुणा करत, सगळं वाचलं. चारशे बारा पानं. पट्ट्यावर त्यात नऊ पानं आहेत. एका पानावर चित्र आहे, माणूस सीटवर बसला आहे, पट्टा त्याच्या पाठीमागून नेऊन खोसला आहे, आणि त्यावर मोठी फुली. कुठल्या देशात बसून ते चित्र काढलं कोण जाणे, पण त्याला आमचा लखीराम पक्का ठाऊक होता. त्या पानावर मी पेन्सिलीनं खूण केली नाही.

असो. लिहायचं पुष्कळ आहे, पण पाकिटाला एवढीच तिकिटं लावली आहेत. ताईला माफ करा आणि तिच्याशी बोला. चुकलंमाकलं पोटात घाला.

आपला नम्र,
बबन

ता. क. पत्र वाचून बघितलं. त्यात "करकचून ब्रेक लागला" असं मी लिहिलं आहे. तो कोणी लावला ते लिहिलेलं नाही. दवाखान्यात, घरी, चौकात, सगळीकडे मी ब्रेक मारला असंच झालं, आणि मी ते होऊ दिलं. बबनरावांचा पाय वेळेवर पडला म्हणून जीव वाचले, असं लोक म्हणाले. लखीरामनं तर हात मिळवला. भाऊजी, ब्रेक मी मारला नाही. मी रोही बघितलाच नाही. मी त्या वेळी डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवून ताईला सांगत होतो की बघ, यातून मागचं कसं दिसतं. पुढचं गाडीला दिसलं. एकतीस वर्षं रस्त्यावरून नजर न काढलेल्या माणसाला उद्देशून हे लिहिताना काय होतं ते मला ठाऊक आहे.

आणखी एक ता. क. वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं. पोस्टापर्यंत जाऊन परत आलो, वाफेवर उघडलं. ताईच्या पट्ट्याबद्दल मी जे लिहिलं, ओटीचा मान, नारळ, सासरी निघालेली बाई, ते सगळं खोटं आहे. म्हणजे ओटी खरी, बाकी खोटं. ताईनं पट्टा मागितला होता. दोन्ही हात पदरात अडकलेले म्हणून ती मला म्हणाली, "बबन, थो पट्टा लावून दे नं मले. तुहे भाऊजी कावतात." गाडी टिंग टिंग करत होती, गल्ली निरोप द्यायला जमली होती, सगळे बघत होते आणि मला झोकात निघायचं होतं. मी म्हणालो, "कायले? ओटी सांडते नं. जवळचा तं रस्ता हाय." आणि वाकून पट्टा ओढला. तो पुढून येईल म्हणून तिनं दोन्ही कोपर वर केले होते. मी तो तिच्या पाठीमागून नेऊन खोसला. गाडी चूप बसली. गल्लीतल्या दोघातिघांना मी डोळासुद्धा मारला. तिनं कोपर खाली घेतले. दवाखान्यात तुम्ही विचारायच्या आधी तिनं एकदा माझ्याकडे बघितलं होतं. मी भिंतीवरचा कॅल्शियमचा तक्ता वाचत होतो. दीड महिना ती माझ्या वाट्याचं सोसते आहे, आणि मी वर तुम्हाला पत्र लिहून तिला माफ करायला सांगतो आहे. मला फार वाईट वाटतं भाऊजी. यापेक्षा बरा शब्द मला येत नाही. रागवायचं तर मला रागवा. येऊन रागवा, चारचौघांत रागवा, गल्लीत उभं करून रागवा, मी डोळा मारला ते ठिकाण तेच आहे.

शेवटचं. हे पत्र तुम्ही ताईला दाखवाल तर ती म्हणेल, बबन खोटं लिहितो, मला वाचवायला पाहतो. अगदी ठामपणे म्हणेल, शपथसुद्धा घेईल. तिचं ऐकू नका. तिला माझ्यासाठी खोटं बोलायची जुनी सवय आहे, पण तुमच्या तोंडाकडे बघून तिला ते जमत नाही. तुम्ही तिच्याकडे बघणंच सोडलंत, म्हणून ते एवढे दिवस टिकलं. तेव्हा एवढं करा. सुनेला बाहेर पाठवा, तिच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडानं विचारा, पट्टा मागितला होता का? उत्तर ती देणार नाही, नका थांबू त्यासाठी. नुसतं विचारा. दीड महिन्यात तुम्ही तिला विचारलेली ती पहिली गोष्ट असेल.